पेशंटजवळ राहताय? मग डिलिरियम टाळणं हे तुमचंही काम आहे

खुब्याचं ऑपरेशन छान झालं असं डॉक्टर सांगून जातात. घरचे निर्धास्त होतात. आणि दुसऱ्या रात्री आजोबा सलाईनची नळी ओढून काढतात, कॉटवरून पाय खाली टाकतात आणि ‘स्वारगेटची बस चुकेल, माझे बूट कुठे ठेवलेत’ म्हणून मुलालाच दमात घेतात. शेजारच्या कॉटजवळची बाई सांगते, वात झालाय. कुणी म्हणतं, भूल डोक्यात गेली. सूनबाई कोपऱ्यात डोळे पुसत असते, कारण तिला वाटतं, सासऱ्यांना वेडच लागलं.

वेडबिड काही लागलेलं नसतं. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. अंगात कुठेतरी बिघाड झालेला असतो: जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, एखादं औषध न मानवणं. त्याचा ताण मेंदूवर येतो आणि लक्ष, भान, झोप यांची घडी काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत विस्कटते. सकाळी माणूस नीट बोलतो, दिवेलागणीला बिनसायला लागतं, रात्री कहर होतो, उजाडल्यावर पुन्हा ठीक. असं वरखाली होत राहणं ही त्याची मोठी खूण.

गोंधळ घालणारा पेशंट निदान सगळ्यांना दिसतो तरी. दुसरा प्रकार गपगार असतो. आजी दिवसभर झोपून असतात, हाक मारली की डोळे उघडतात, ‘हं’ म्हणतात आणि पुन्हा मिटतात. जेवण तोंडात तसंच धरून ठेवतात. घरचे म्हणतात, आज अगदी शांत आहेत, त्रास नाही काही. वॉर्डातही त्या ‘चांगल्या’ पेशंट ठरतात. डिलिरियमचा हाच प्रकार जास्त निसटतो, आणि तो कमी धोक्याचा नसतो.

पुण्यातल्या वॉर्डांत सिस्टर म्हणून नोकरी करताना माझं एक मत पक्कं झालं. डिलिरियम टाळण्याची गोळी नाही. टाळण्याचं बरंचसं काम कॉटशेजारच्या स्टुलावर बसलेल्या माणसाच्या हातात असतं. मात्र तो माणूस बहुतेक वेळा मोबाईलमध्ये असतो, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की इथे करायला काम आहे.

हे माझ्याच मनचं नाही. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनॉय यांनी सत्तरीच्या आणि त्यापुढच्या ८५२ पेशंटांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवं औषध कुठलंच नव्हतं. पेशंटांशी बोलणं, त्यांना चालवणं, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून देणं, पाणी पाजणं, रात्री झोप लागेल असं वातावरण ठेवणं, एवढंच शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकांनी आणि कर्मचाऱ्यांनी केलं. नेहमीच्या देखभालीत १५ टक्के लोकांना डिलिरियम झाला, या गटात ९.९ टक्के. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: एकदा डिलिरियम झाल्यावर तो किती तीव्र होतो यात दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे मेहनत घ्यायची ती आधीच.

धोका कुणाला जास्त

वय पासष्टच्या पुढे, आधीपासून विसराळूपणा किंवा डिमेन्शिया, खुब्याचं फ्रॅक्चर, किंवा आजार मुळातच गंभीर. यांतलं एक जरी लागू असेल तरी पहिल्या दिवसापासून सावध राहायचं. दोन लागू असतील तर राउंडला डॉक्टरांना सरळ विचारा, ‘यांना डिलिरियमचा धोका आहे का, आम्ही काय बघायचं?’ आधी कधी डिलिरियम होऊन गेला असेल तर तेही आपणहून सांगा.

भरती होताना: पिशवी आणि एक कागद

पिशवीत लोक टॉवेल, थर्मास आणि चार्जर न चुकता घेतात. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी घरी राहते, ‘हरवायला नको’ म्हणून. उलट करा. आकडे मोठे असलेलं घड्याळ घ्या. तारखेचा ठळक आकडा दिसेल असं कॅलेंडर घ्या. रोजच्या वापरातली शाल किंवा उशीचा अभ्रा घ्या. पायात घट्ट बसणाऱ्या, न घसरणाऱ्या चपला घ्या. रबरी स्लिपर नको. घरी चालू असलेली सगळी औषधं पाकिटांसकट घ्या. त्यात आयुर्वेदिक, होमिओपॅथीची आणि मेडिकलवाल्याने ‘झोपेसाठी’ दिलेली गोळीसुद्धा आली.

कागदावर काय लिहायचं? हा माणूस आजारी पडायच्या आधी कसा होता ते. हे फक्त घरच्यांना माहीत असतं. वॉर्डातल्या डॉक्टरांनी आजींना पहिल्यांदा पाहिलं ते तापाने फणफणलेलं. त्यांना कसं कळणार की मागच्या आठवड्यापर्यंत त्या स्वतः भाजीचा हिशोब करत होत्या? चार ओळी पुरतात. रोज पेपर वाचतात, उजव्या कानाने कमी ऐकू येतं, रात्री दोनदा लघवीला उठतात, साडेनऊला झोपतात, चहा बिनसाखरेचा, हाक ‘काकू’ म्हणून मारलेली आवडते. हा कागद फाईलच्या आत लावून घ्या आणि एक प्रत सिस्टरांना दाखवा. ‘आजी, ए आजी’ असं कुणीही ओरडण्यापेक्षा ओळखीची हाक आली की भांबावलेला माणूस पटकन भानावर येतो.

एक अवघड विषय इथेच उरकून घेऊ. दारू. सगळ्या नातेवाइकांसमोर विचारलं की उत्तर ‘छे छे’ असंच येतं. पण रोज पिणाऱ्याची दारू भरती झाल्यावर अचानक तुटते आणि दोन ते चार दिवसांत हात थरथरणं, घाम, भास, झटके इथवर गोष्ट जाऊ शकते. जिवावर बेतणारा प्रकार आहे तो. डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा: रोज किती, किती वर्षं, शेवटची कधी. तसंच रोजच्या झोपेच्या गोळीचं. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी एका दिवसात बंद झाली तरी माणूस भ्रमात जाऊ शकतो. मिश्री आणि तंबाखूचंही सांगून टाका. लाज वाटून घेण्याची ही जागा नव्हे.

चष्मा, कान, कवळी

अंधुक दिसणाऱ्या माणसाला सलाईनच्या स्टँडवर लटकवलेला टॉवेल रात्री उभा माणूस वाटतो. कमी ऐकू येणाऱ्याला सिस्टर काय विचारतेय ते कळत नाही, तो भलतंच उत्तर देतो आणि फाईलमध्ये ‘कन्फ्यूज्ड’ असं लिहिलं जातं. दोन्ही ठिकाणी मेंदूचा दोष नसतो, पण अशा अर्धवट दिसण्या-ऐकण्यातूनच पुढे खरा गोंधळ सुरू होतो.

सकाळी तोंड धुतलं की चष्मा पुसून डोळ्यांवर. जवळचा आणि लांबचा वेगळा असेल तर दोन्ही हाताशी. कानाच्या यंत्राचा सेल चालू आहे ना, हे रोज बघा, आणि सेलचं जास्तीचं पाकीट आणून ठेवा. झोपताना यंत्र काढून नाव लिहिलेल्या डबीत ठेवायचं. उशीखाली किंवा रुमालात नाही, कारण चादरी बदलताना ते लॉन्ड्रीत जातं. कवळीचंही तेच. जेवणाच्या ताटात काढून ठेवलेली कवळी ताटाबरोबर परत गेल्याचं प्रत्येक वॉर्डाने पाहिलेलं असतं.

यंत्र नसेल तर समोर बसा, तोंडावर उजेड येऊ द्या, मास्क खाली घेता येत असेल तर घ्या आणि सावकाश, खालच्या पट्टीत बोला. ओरडलं की आवाज चिरका होतो आणि शब्द आणखी कळेनासे होतात. शिवाय पेशंटला वाटतं, आपल्याला रागावतायत.

दिवस उजेडात घालवायचा

सकाळी पडदे उघडा. खिडकीजवळची कॉट मिळत असेल तर मागून घ्या. नाही म्हणतील फार तर. पावसाळ्यात पुण्याचं आभाळ दिवसचे दिवस काळवंडलेलं असतं, तेव्हा दिवसा ट्यूबलाइट चालू ठेवा. मेंदूला दिवस आणि रात्र यांतला फरक कळायला उजेड लागतो.

मग बोलणं. ‘मी कोण सांगा बरं? आज वार कोणता? कुठे आहोत आपण?’ अशी तोंडी परीक्षा घ्यायची नाही. येणारा प्रत्येक नातेवाईक तेच तीन प्रश्न विचारतो आणि माणूस ओशाळतो. उत्तर आपणच बोलण्यात पेरायचं. ‘काकू, आज गुरुवार, दत्ताच्या देवळात गर्दी असणार. आपण अजून दवाखान्यातच आहोत, पायाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले. मी सुनीता, दुपारपर्यंत थांबणार आहे.’ दिवसातून चार-पाचदा असं बोलणं होऊ द्या. जो पेपर घरी येतो तोच आणून वाचून दाखवा, शहराच्या पानापासून; कोथरूडमध्ये पाणी येणार नाही ही बातमी देशाच्या राजकारणापेक्षा जास्त उपयोगी पडते. सकाळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या ऐकायची सवय असेल तर मोबाईलवर त्याच वेळेला लावा. पत्ते, शब्दकोडं, वाटाण्याच्या शेंगा सोलणं, जे जमेल ते.

दुपारची झोप हा पुणेकरांच्या श्रद्धेचा विषय, त्यावर मी काही बोलणार नाही. एवढंच सांगते की दवाखान्यात ती अर्ध्या-पाऊण तासावर आवरा. दुपारी तीन तास झोपलेले आजोबा रात्री दोन वाजता टक्क जागे असतात, आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

उठणं-चालणं डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारून, पण विचारा मात्र रोज. ‘आज किती चालवायचं? खुर्चीत बसवू का?’ बरेच पेशंट कॉटवरच पडून राहतात ते मनाई आहे म्हणून नाही, कुणी विचारलं नाही म्हणून. चालता येत असेल तर दिवसातून तीनदा वॉर्डाच्या पॅसेजमध्ये फेरी. नसेल तर निदान जेवण खुर्चीत बसून. उठवताना आधी कॉटच्या कडेला पाय सोडून एक-दोन मिनिटं बसवा. एकदम उभं केलं तर बीपी खाली येऊन चक्कर येते.

लघवीची नळी लावलेली असेल तर राउंडला रोज एक प्रश्न: ‘ही अजून लागते आहे का?’ नळी माणसाला कॉटला जखडून ठेवते, संसर्गाला वाट देते आणि गोंधळलेला पेशंट सगळ्यात आधी तीच ओढतो. काढल्यानंतर सहा-सात तासांत लघवी झाली नाही किंवा ओटीपोट फुगलेलं वाटलं तर लगेच सांगायचं. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत हे फार होतं. नुसती तुंबलेली लघवीसुद्धा म्हाताऱ्या माणसाला भ्रमात नेऊ शकते. पोट साफ न होण्याचंही असंच आहे. तीन दिवस झाले नसेल तर संकोच न करता बोला.

खाणंपिणं. वयस्कर माणसांना तहान कमी लागते, आणि ‘लघवीला न्यायला सारखं कुणाला उठवायचं’ म्हणून ती मुद्दाम पाणी टाळतात. ‘पाणी हवंय का’ असं विचारलं की उत्तर ‘नको’ असतं. पेला हातात दिला की दोन घोट जातात. पाणी, ताक, पेज, सूप, जे चालत असेल ते थोडं थोडं दिवसभर. मात्र हृदयाचा किंवा किडनीचा पेशंट असेल, किंवा सोडियम कमी असेल, तर पाण्याचं माप ठरवून दिलेलं असतं. ते आधी विचारा. डबा चालतो का हे डाएटिशियनना विचारा. चालत असेल तर मऊ गुरगुट्या भात आणि साधं वरण हे दवाखान्याच्या सँडविचपेक्षा बरं जातं. भरवताना माणूस पूर्ण जागा आणि सरळ बसलेला हवा. गुंगीत असलेल्याच्या तोंडात घास किंवा पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं.

दुखणं लपवू देऊ नका

‘सहन करते मी’ असं म्हणणाऱ्या आज्यांची आपल्याकडे वाण नाही. पण न आवरलेलं दुखणं झोप मोडतं, हालचाल थांबवतं आणि भ्रमाला आमंत्रण देतं. तोंडाने बोलत नसतील तर कूस बदलताना कपाळावर आठ्या पडतात का, हात तिथेच जातो का, ते बघा आणि वेळेवर सांगा. दुखण्यावरची काही जोरकस औषधंही गोंधळ वाढवतात, म्हणून औषध कुठलं हे डॉक्टरच ठरवतील. तुमचं काम दुखतंय हे पोचवायचं.

रात्र

रात्रीची तयारी संध्याकाळी सुरू होते. दिवेलागणीला वॉर्डात भेटायला येणाऱ्यांची झुंबड असते. पुण्यात माणसं जोडलेली असतात हे चांगलंच, पण कॉटभोवती सात जण उभे राहून एकाच वेळी बोलायला लागले की सकाळपासून जपलेलं भान अर्ध्या तासात उडतं. एका वेळी दोघं, बाकीचे खाली कॅन्टीनमध्ये. अमेरिकेतल्या मुलाचा व्हिडिओ कॉल त्याच्या सोयीने आपल्या रात्री अकराला येतो. त्याला आपली सकाळी आठची वेळ द्या, तिकडे तेव्हा आदल्या दिवसाची रात्र असते, जमतं त्याला.

संध्याकाळची ठरलेली कामं तशीच ठेवा. घरी सातला स्तोत्र म्हणत असतील तर इथेही म्हणू द्या, जपमाळ हातात द्या. नऊच्या सुमाराला लघवीला नेऊन आणा, चालत असेल तर कोमट दूध द्या, दिवे मंद करा. मग तळपायांना थोडं तेल लावून काशाच्या वाटीने हलक्या हाताने चोळा. वर सांगितलेल्या येलच्या अभ्यासातही झोपेच्या गोळीऐवजी गरम पेय, मंद संगीत आणि पाठ चोळणं हाच उपाय होता, तेव्हा आपली काशाची वाटी काही मागासलेली नाही. दोन पथ्यं: पाय सुजलेला, लाल किंवा दुखरा असेल तर चोळायचा नाही, कारण तिथे रक्ताची गुठळी असू शकते. आणि नंतर तेल नीट पुसून घ्या, नाहीतर रात्री उठताना पाय घसरेल.

अकरा ते पाच सलग झोप मिळाली तर सोन्याहून पिवळं. सिस्टरांना गोड शब्दांत विचारा, ‘रात्री दोनचं बीपी आणि औषध यांची वेळ जुळवून एकदाच उठवता येईल का?’ प्रत्येक पेशंटला ते शक्य नसतं. गंभीर असेल तर दर तासाला तपासावंच लागतं. पण विचारल्याने पुष्कळदा जमतं. स्वतःचा मोबाईल सायलेंटवर टाका. कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी मेडिकलमध्ये मिळते. पेशंटला चालत असेल तर वापरा, उपटून टाकत असेल तर आग्रह नको. गणपतीच्या दिवसांत, त्यातून विसर्जनाच्या रात्री, पेठांजवळच्या दवाखान्यात असाल तर ढोल-ताशांच्या बाजूची कॉट आधीच बदलून मागा. पूर्ण काळोखही करू नका. बाथरूमचा दिवा लावून दार किलकिलं ठेवलं की जागा झालेला माणूस बिचकत नाही.

औषधांविषयी कसं विचारायचं

‘झोपेचं काहीतरी द्या हो डॉक्टर’ ही मागणी रात्रपाळीच्या डॉक्टरांकडे सगळ्यात जास्त करतात ते नातेवाईकच. ही मागणी शक्यतो करू नका. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम या जातीच्या गोळ्या वयस्कर माणसात डिलिरियम घडवू शकतात. अंगाला खाज सुटली म्हणून किंवा रक्त चढवण्याआधी दिलं जाणारं अविल, सर्दी-खोकल्याच्या औषधांतली गुंगी आणणारी द्रव्यं, फेनरगन, पोटात मुरडा आला की मिळणारं डायसायक्लोमिन, दुखण्यावरचं ट्रामाडॉल, हीही त्याच यादीत येतात. याचा अर्थ ती कधीच देऊ नयेत असा नाही. कधी ती लागतातच, आणि ते ठरवायचा अधिकार डॉक्टरांचा. तुम्ही तोंडातून गोळी काढून घ्यायची नाही किंवा मनाने बंद करायची नाही.

विचारायचं असं: ‘डॉक्टर, यांचं वय ८१ आहे, थोडा विसराळूपणा आहे. या औषधाने गुंगी किंवा भ्रम होऊ शकतो का? दुसरं काही चालेल का?’ बहुतेक डॉक्टर थांबून विचार करतात. आधी घरी चालू असलेल्या दहा गोळ्यांत इथल्या आठ मिळवल्या जातायत असं दिसलं तर एकदा सगळी यादी बघायची विनंती करा. भ्रम होऊ नये म्हणून आधीच शांत करणारं इंजेक्शन देऊन ठेवण्याने काही साधत नाही, हे लक्षात ठेवा.

आयसीयूत असतील तर

तिथे दिवस-रात्र एकच उजेड, यंत्रांचे आवाज आणि अनोळखी चेहरे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांत डिलिरियमचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. भेटीला दहा मिनिटंच मिळतात, ती रडण्यात घालवू नका. हात हातात घ्या, नाव सांगा, वार आणि वेळ सांगा, चष्मा-यंत्र सिस्टरांच्या ताब्यात देऊन लावायची विनंती करा. बोलता येत नसेल तर पाटी-पेन्सिल किंवा मान हलवून हो-नाही. आणि विचारा, गुंगीचं औषध कधी कमी करणार आहात.

पाळ्या लावा

एकच मुलगी चार दिवस चोवीस तास बसली तर पाचव्या दिवशी तिलाच डॉक्टर लागतो. पण रोज नवा माणूस पाठवू नका. दोन-तीन ओळखीचे चेहरे, ठरलेल्या वेळा. ब्युरोतून रात्रीसाठी मावशी घेतल्या तर पहिल्या संध्याकाळी तासभर त्यांच्याबरोबर थांबा, पेशंटशी ओळख करून द्या, चष्म्याची डबी कुठे आहे ते दाखवा. एक वही ठेवा. किती पाणी गेलं, लघवी-संडास, किती झोप, बोलण्यात काही वेगळं. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे पंचवीस हात जोडलेले इमोजी उलगडून त्यात दुपारचं औषध शोधण्यापेक्षा वही बरी.

तरीही सुरू झालंच तर

सगळं करूनही होतं. अशा केसेसपैकी ३० ते ४० टक्के टाळता येतात असं अभ्यासक मानतात. उरलेल्या टळत नाहीत, त्यात तुमची कसूर नसते.

शंका आली तर साधी चाचणी करा. वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. किंवा वीस ते एक उलटे आकडे. कालपर्यंत हे सहज जमणारा माणूस आज मध्येच हरवत असेल, किंवा ऐकता ऐकता झोपेत जात असेल, तर सिस्टरांना सांगा. ‘जरा वेगळे वागतायत’ असं मोघम नको. ‘काल रात्रीपासून बदल आहे, घरी असे कधीच नव्हते, मध्येच नीट बोलतात, मध्येच तंद्री लागते, डिलिरियम आहे का तपासाल का?’ असं स्पष्ट. डॉक्टरांकडे त्यासाठी फोर-ए-टी नावाची छोटी चाचणी असते, दोन मिनिटांत होते. पुढे ते साखर, ऑक्सिजन, सोडियम, संसर्ग, लघवी, औषधं असं सगळं तपासतील. मूळ कारण सापडून ते दुरुस्त करणं हाच खरा उपचार.

तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला, बोलणं एकदम जड झालं, तर वाट बघू नका. तो पक्षाघात असू शकतो. तिथल्या तिथे सिस्टरांना बोलवा.

भ्रमात असलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही. ‘भिंतीवर मुंग्या आहेत’ म्हणाले तर ‘कुठे आहेत मुंग्या, काहीतरीच!’ असं नको आणि ‘हो, खूप आहेत’ असंही नको. ‘मला दिसत नाहीत, पण तुम्हाला त्रास होतोय ना? मी आहे इथे.’ घरी जायचा हट्ट धरला तर, ‘डॉक्टर सांगतील तेव्हा निघू. तोवर घोटभर पाणी घ्या.’ एकाच माणसाने बोलावं, हळू, वाक्यं छोटी.

हात बांधायची वेळ येऊ देऊ नका. बांधलेला माणूस आणखी बिथरतो, धडपडतो, इजा करून घेतो. त्याऐवजी सलाईनच्या जागेवर बँडेज गुंडाळून लांब बाह्यांचा सदरा घाला, नळ्या नजरेआड करा, कॉट सगळ्यात खालच्या उंचीवर घ्या आणि त्या रात्री जवळ एक ओळखीचा माणूस ठेवा. कठडे लावले की पडत नाहीत असं वाटतं. भ्रमातले आजोबा कठडा ओलांडतात आणि जास्त उंचावरून पडतात. कठड्यांचं काय करायचं ते सिस्टरांशी बोलून ठरवा. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल इतकी वेळ आली तर डॉक्टर थोड्या मात्रेत औषध देतात, तेवढ्यापुरतं.

घरी नेताना

बहुतेकांचा भ्रम काही दिवसांत उतरतो, काहींचा आठवड्यांनी. घरी ओळखीची खोली, ओळखीची भांडी दिसली की पुष्कळजण सावरतात. त्या काळात बँकेच्या कागदांवर, मृत्युपत्रावर सह्या घेऊ नका, गाडी चालवू देऊ नका, गोळ्या त्यांच्या हाती सोपवू नका. वॉर्डातल्या बडबडीवरून ‘बाबांना डिमेन्शिया झाला’ असा शिक्काही मारू नका. मात्र दोन-तीन महिन्यांनीही विसर तसाच राहिला तर ओपीडीत दाखवून स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या. काहींना भ्रमातलं सगळं आठवतं आणि फार लाज वाटते. त्यावर घरात विनोद करू नका. विषय निघालाच तर आजारामुळे झालं होतं एवढं सांगा.

डिस्चार्ज कार्डावर ‘डिलिरियम’ हा शब्द आहे का ते निघण्याआधी बघा. बिल आणि इन्शुरन्सच्या गडबडीत तो हमखास राहतो. नसेल तर लिहून घ्या, कारण, दिलेलं औषध आणि किती दिवस चाललं तेही. पुढे मोतीबिंदूचं जरी ऑपरेशन ठरलं तरी तो कागद आधी भूलतज्ज्ञांच्या हातात द्यायचा.